पोर्टेबल गॅस हीटर: तंबूत, मळ्यात आणि वीज गेल्यावर. नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरते, निफाडचा पारा बातम्यांत झळकू लागतो आणि माझा फोन वाजू लागतो. मुक्कामी ट्रेकला लोकांना नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. हल्ली प्रत्येक दुसऱ्या गटात कुणीतरी ऑनलाइन मागवलेला छोटा गॅस हीटर घेऊन येतं. सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढं एकच लक्षात ठेवा: डोळा लागायच्या आधी हीटर बंद झालेला असला पाहिजे.

नाशिकच्या थंडीत हीटरची खरंच गरज आहे का?

शहरातल्या घरात बहुतेकांना नाही. दारं-खिडक्या लावून, दोन गोधड्या घेऊन रात्र निघते. उघड्यावर मात्र गोष्ट वेगळी. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. गंगापूर धरणाच्या काठावर पाण्यावरून येणारा वारा अंगातली ऊब काढून घेतो. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर उंच. तिथे पहाटे वारा सुटला की जाकीट घालूनही दात वाजतात. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा भिजलेला माणूस सोबत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाची ऊब फार कामाची ठरते. हीटर तेवढ्यासाठीच आहे, रात्र काढण्यासाठी नाही.

तंबूच्या आत लावला तर चालेल का?

माझं उत्तर: नाही. बाहेर, तंबूच्या दारासमोर, मोकळ्या जागेत लावा. शेका, हात-पाय गरम करा, बंद करा आणि मग आत जा.

कारणं चार आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. ती कमी पडली की हा विषारी वायू तयार होऊ लागतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

दुसरं म्हणजे ऑक्सिजनच संपतो. साधा हिशेब करून पाहा. दीड किलोवॉटचा हीटर तासाला साधारण १२० ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन खातो. दोन माणसांच्या छोट्या तंबूत जेमतेम अडीच घनमीटर हवा असते. तंबू पूर्ण बंद असेल तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला पाव तास पुरतो. तंबूच्या फटींतून थोडी हवा येते हे खरं, पण दवाने भिजलेलं कापड आणि घट्ट लावलेल्या चेन यांत ती किती येणार?

तिसरं, पाणी. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. ती वाफ तंबूच्या थंड कापडावर जमते आणि रात्री तोंडावर ठिबकते. स्लीपिंग बॅग दमट होते, म्हणजे हीटर विझल्यावर तुम्ही आधीपेक्षा जास्त कुडकुडता. आणि चौथं कारण तर डोळ्यांना दिसतंच. नायलॉन आणि पॉलिएस्टर ठिणगीनेही वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

काही वर्षांपूर्वी भंडारदऱ्याला आमच्या गटातल्या दोघांनी मला न सांगता तंबूत हीटर पेटवला होता. उठवायला गेलो तर एकाला उलटी होत होती आणि दुसरा विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होता. बाहेर मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात नेलं, दोघेही बरे झाले. त्यातल्या एकाच्या आईला तो फोन मी केला होता. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही, म्हणूनच हे इतकं लांबवून लिहितोय.

खोलीत तर चालतो ना? होमस्टेमध्ये हीटर ठेवलेलाच असतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत मरण पावले. त्यांत चार लहान मुलं होती. थंडी होती म्हणून खोलीत गॅस हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या बंद होत्या. ती पक्की बांधलेली खोली होती, तंबू नव्हता.

खोलीत लावायचाच असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, जागे असताना लावा आणि झोपण्यापूर्वी बंद करून खोलीची हवा एकदा पूर्ण बदलू द्या. बाथरूममध्ये कधीही नाही. गॅस गिझरमुळे बंद बाथरूममध्ये गेलेल्या जिवांच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, आणि कारण तेच असतं. कोळशाच्या शेगडीलाही हाच नियम लावा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि धूर दिसत नाही म्हणून लोक ती बिनधास्त आत घेतात.

माझ्या हीटरला ऑक्सिजन सेन्सर आहे. मग रात्रभर ठेवायला काय हरकत?

सेन्सर असणं चांगलंच आहे, तो असलेलाच हीटर घ्या. हवेतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांच्या आसपास आला की पायलटची, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्योत तिच्या जागेवरून सरकते, थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारा भाग) थंड पडतो आणि गॅस बंद होतो. पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरच्या जाळीत धूळ किंवा कोळिष्टक अडकलं असेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू बनू शकतो. सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही.

आणखी एक गोष्ट हिमालयात जाणाऱ्यांसाठी. उंचीवर हवा विरळ होते आणि असे हीटर विनाकारण बंद पडू लागतात. कळसूबाईवर सहसा अडचण येत नाही, पण लेहला, म्हणजे ३५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. तिथे तो पेटलाच नाही तर सेन्सर काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. कृपा करून ऐकू नका.

विषारी वायू झाला तर वास येईल ना?

नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो कुबट वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या रसायनाचा असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातापायांतलं बळ जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसतात. ट्रेकनंतर ही सगळी दमल्यासारखीच वाटतात, आणि धोका तिथेच आहे. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर थकवा समजू नका. सगळे बाहेर.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेकांच्या बॅगेत असतो. तो इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही, त्यामुळे माणूस गंभीर असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. आकड्यावर विसंबून कुणाला परत झोपवू नका.

त्याऐवजी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. चांगले अलार्म हवेत दहा लाखांत ३०० भाग झाले की तीन मिनिटांच्या आत वाजतात, आणि ५० भागांवर तास-दीड तासाने. त्यावर 'EN 50291' हे युरोपीय मानक लिहिलेलं असतं. हीटरवर पैसे खर्च करताना अलार्म वगळणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं.

कुणी बेशुद्ध सापडलं तर?

आधी तंबू किंवा दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून बाहेर आणा. आत बसून प्रथमोपचार करत बसाल तर तुम्हीही पडाल. हीटर बंद करा. १०८ ला फोन करा आणि गॅस हीटर चालू होता हे आवर्जून सांगा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला सीपीआर देता येत असेल तर तो सुरू करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. ती सोय दवाखान्यातच असते.

कोणत्या प्रकारचा हीटर घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. सिरॅमिकची जाळी लाल होणारा हा सगळ्यात प्रचलित. तो समोरच्या माणसाला थेट शेक देतो, त्यामुळे उघड्यावर उपयोगी. कॅटॅलिटिक हीटरमध्ये ज्योत नसते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो, पण ऑक्सिजन तोही खातो. तोफेसारखा, पंखा असलेला मोठा हीटर गोदामासाठी आणि बांधकामावर वापरायचा. कॅम्पिंगला तो आणू नका.

दोन गोष्टी असल्याशिवाय घेऊ नका: आडवा पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय, आणि ज्योत विझल्यावर गॅस थांबवणारा थर्मोकपल. काळोखात तंबूच्या दोऱ्यांना पाय अडकून हीटर पडतोच. तो पडणारच असं धरून खरेदी करा.

घरचा सिलिंडर नेला तर?

१४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालून नेणारे लोक आहेत. तो स्वयंपाकासाठी दिलेला आहे, आणि भरला की तीस किलोच्या आसपास जाणारं ते धूड चढावर कुणी उचलणार? त्यापेक्षा ओळखपत्र दाखवून मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा तो 'छोटू' नावाने मिळतो, इतर कंपन्यांचेही आहेत. त्याला बसणारा रेग्युलेटर त्याच एजन्सीकडून घ्या आणि नळी आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा नळीच वापरा. परदेशी हीटर असेल तर त्यावर लिहिलेला दाब आपल्या रेग्युलेटरशी जुळतो का ते दुकानदाराला नाही, हीटरच्या पाटीला विचारा.

मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे, आणि किती भरला याचा अंदाजच नसतो. सिलिंडर काठोकाठ भरला तर ऊन लागल्यावर द्रव फुगायला जागा उरत नाही. शंभर रुपये वाचवण्यासाठी हे करू नका, मी हात जोडून सांगतो.

सिलिंडर नेहमी उभा ठेवा. आडवा पडला तर नळीत वायूऐवजी द्रव जातो आणि बर्नरवर भडका उडतो.

पहाटे हीटर मंदावतो. बिघडला का?

बिघडलेला नसतो. हीटरला लावायच्या बहुतेक छोट्या गॅसच्या डब्यांत ब्युटेन असतो आणि तो उकळतो शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला. बाहेर ५ अंश असेल तर डब्यात त्याला बाहेर ढकलायला दाब फारच कमी उरतो. त्यात गॅसची वाफ होताना डबा आणखी गार पडतो, हात लावला तर दव जमलेलं दिसतं. ज्या वेळी ऊब सगळ्यात जास्त हवी, नेमका तेव्हाच तो दगा देतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेले डबे थंडीत चांगले चालतात.

काय करू नये ते जास्त महत्त्वाचं आहे. डबा शेकोटीजवळ ठेवू नका, दुसऱ्या स्टोव्हवर किंवा हीटरसमोर गरम करू नका, उकळतं पाणी ओतू नका. रात्री डबा जाकिटात गुंडाळून ठेवला किंवा वापरण्याआधी थोडा वेळ हातांत धरला तरी पुरेसा फरक पडतो.

एक डबा किती वेळ चालतो?

दीड किलोवॉटवर २२० ग्रॅमचा डबा दोन तासांच्या आतच संपतो. ५ किलोचा सिलिंडर चाळीसेक तास. तीन किलोवॉटला निम्मं धरा. दोन रात्रींच्या मुक्कामाला दोन डबे हीटरला आणि वेगळे डबे स्वयंपाकाला, असा हिशेब मी ठेवतो.

मळ्यात रात्रीची लाईट असते. पाणी भरून आलं की शेडमध्ये लावतो. ठीक आहे का?

हा प्रश्न मला निफाड, दिंडोरी, सिन्नर, सगळीकडून येतो, आणि मला तो कॅम्पिंगपेक्षा महत्त्वाचा वाटतो. हौसेने थंडीत जाणारा माणूस परत फिरू शकतो. पंपाची थ्री फेज वीज रात्री येत असेल तर कांद्याला, गव्हाला पाणी द्यायला जावंच लागतं, आणि गुडघ्यापर्यंत ओला झालेला माणूस दोन वाजता शेडमध्ये येतो.

दादा, आधी ओले कपडे बदला. कोरडी विजार, मोजे आणि टोपी एका पिशवीत शेडमध्येच टांगून ठेवा. ओल्या कपड्यांवर शेकत बसण्यापेक्षा यानेच लवकर ऊब येते. मग शेडचं दार उघडं ठेवून, तोंड बाहेरच्या बाजूला करून हीटर लावा. खतांची पोती, फवारणीची औषधं, डिझेलचा कॅन, बारदान यांपासून किमान एक मीटर दूर. मोटर पुन्हा सुरू करायला जाताना दर वेळी बंद करा. 'दहा मिनिटांत येतो' म्हणून तसाच सोडू नका. आणि तिथेच खाटेवर पडायचं असेल तर पडायच्या आधी बंद.

ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) मात्र गॅस हीटर नकोच. पाचटाची कोपी एका ठिणगीत जाते. तिथे कुणाला मदत करायची असेल तर ब्लँकेटं आणि लहान मुलांचे स्वेटर द्या.

द्राक्षबागेत हीटर लावून बाग वाचेल का?

नाही. उघड्या बागेत दीड-तीन किलोवॉटची ऊब हवेत विरून जाते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे ठिबकचं पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. तेच करा.

गाडीत झोपणार असू तर?

गाडी म्हणजे काचेचा बंद डबा. हीटरही नको आणि इंजिन चालू ठेवून झोपणंही नको.

वीज गेली, इन्व्हर्टर आहे, तर इलेक्ट्रिक हीटरच का नको?

घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी भरलेली असली तरी तिच्यात पावणेदोन युनिटच्या आसपास वीज असते. दीड हजार वॉटचा हीटर ती तासाभरात संपवेल, आणि बहुतेक इन्व्हर्टर तेवढा भार उचलतच नाहीत. म्हणून अवकाळी आणि गारपिटीत रात्रभर वीज गेली की लोकांना गॅस हीटर आठवतो. तेव्हा सगळ्यांनी एकाच खोलीत या, समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवून तासभर हीटर लावा, तेवढ्यात पाणी तापवून रबरी पिशव्या भरा. मग हीटर बंद करा आणि पिशव्या अंथरुणात घ्या. बाळंतीण किंवा तान्हं बाळ असलेल्या खोलीत हीटर नको, तिथे गरम पिशवी कापडात गुंडाळून अंथरूण ऊबदार करा आणि बाळाला ठेवण्याआधी ती काढून घ्या.

रेल्वेने, एसटीने नेता येतो का?

हीटर रिकामा नेता येतो, गॅस नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. चहा करायचा होता त्यांना. एसटीतही न्यायचा नाही. विमानात डबा हातातल्या आणि चेक-इन, दोन्ही सामानांत बंद. नाशिकरोडहून मनालीला निघालात तर डबा तिथेच पोचल्यावर विकत घ्या.

गडावर किंवा जंगलात लावू का?

आधी मुक्कामाला परवानगी आहे का ते वनखात्याकडे विचारा. राखीव जंगलात आग पेटवण्यावर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ ची बंदी आहे. जानेवारीनंतर आपले डोंगर वाळक्या गवताने पिवळे पडतात आणि वारा असेल तर एका ठिणगीने अख्खी धार जळते. हीटर शेकोटीपेक्षा बरा, पण गवतावर ठेवला तर दोघांत फरक उरत नाही. सपाट कातळ बघा, आजूबाजूचं गवत साफ करा, बाजूला पाण्याची बाटली ठेवा.

गळती कशी तपासायची?

साबणाचा फेस जोडांवर लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे अजूनही आहेत, तसं करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि तंबूच्या तळाशी साचतो, म्हणून नाकाला उशिरा कळतो. वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, लायटर आणि बॅटरीची बटणं दाबू नका, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला लोकांना न्या, म्हणजे गॅस तुमच्यापासून दूर वाहून जाईल. सिलिंडरची गळती असेल तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. बंद करतानाही आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवा, नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्या, मग हीटरचं बटण.

मग रात्रभर ऊब कशी राहील?

जमिनीतून येणारा गारवा अडवा, अर्धी लढाई तिथेच आहे. खाली जाड फोमची चटई आणि त्यावर घोंगडी. माणसं अंगावर चार पांघरुणं घेतात आणि पाठीखाली एक चादर टाकतात, मग पहाटे उठून बसतात. झोपण्यापूर्वी पोटभर जेवा, शेंगदाणे आणि गूळ उशाशी ठेवा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायांशी ठेवा, तीन-चार तास ती साथ देते. घामाने ओला झालेला टीशर्ट आधी बदला. दारू ऊब देते हा समज चुकीचा आहे. ती कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरवते आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. वर झोप इतकी गाढ लागते की डोकं दुखून जाग यायची तीही येत नाही.

रिकाम्या डब्यांचं काय? आणि उन्हाळ्यात हीटर कुठे ठेवायचा?

रिकामा वाटणाऱ्या डब्यातही थोडा गॅस उरतोच. तो शेकोटीत टाकला तर फुटतो आणि पत्र्याचे तुकडे उडतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. डबे पिशवीत घालून खाली आणा, गडावर पुरू नका.

भरलेले डबे गाडीत विसरू नका. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीच्या आत तो ६० च्या वर जातो. डब्यावर लिहिलेली मर्यादा बहुधा ५० ची असते. घरात हवेशीर, सावलीच्या जागी, देवघरापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा. हीटरला जुन्या चादरीत गुंडाळा, नाहीतर बर्नरच्या जाळीत कोळी घर करतात. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा अंगणात पेटवून बघा. ज्योत निळी असायला हवी आणि जाळी सारखी लाल. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर त्या हंगामात तो हीटर दुरुस्तीला द्या, मुक्कामाला नेऊ नका.